पावती फाडली, वही कोठें आहे?

गेल्या हंगामांत उसाची पहिली उचल खात्यावर जमा झाली आणि चार दिवसांच्या आंत इस्लामपुरांत पावतीपुस्तकें हिंडूं लागलीं. हा दरसालचा नेम आहे. बिल निघालें कीं कोणाला देवळाचा कळस आठवतो, कोणाला शाळेचीं गळकीं कौलें, कोणाला तालमीचा आखाडा, आणि कोणाला अनाथ मुलें. आमच्या दारींही दोन तरुण आले. त्यांनीं ज्या संस्थेचें नांव घेतलें तें आम्ही येथें छापीत नाहीं. आम्हांला तिच्यावर फिर्याद करावयाची नाहीं, एक प्रश्न पुसावयाचा आहे. पावतीपुस्तक मोठें देखणें होतें. वर थोर पुरुषांचीं तीन चित्रें, खालीं पांच पुढाऱ्यांचे फोटो, आणि मधल्या उरल्यासुरल्या जागेंत रकमेची रेघ. संस्थेचा नोंदणी नंबर मात्र बसवायला जागा उरली नव्हती. आम्हीं विचारलें, "बाबांनो, गेल्या वर्षीं किती जमलें आणि त्याचें काय केलें?" दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें. मग थोरला म्हणाला, "आपल्याच माणसाची संस्था हाय, आबा. हिशेब कशाला इचारताय?"

या एका वाक्यावर आज आम्हांला लिहावयाचें आहे.

आपलाच माणूस! कुणब्याच्या घरांत बैल विकत आणावयाचा असेल तर सख्ख्या मेव्हण्याकडूनही दांत पाहिल्याशिवाय, औताला जुंपून पाहिल्याशिवाय आणीत नाहींत. सुताराकडून औत करून घेतलें तर लांकूड कोणतें, जू किती वजनाचें, हें वाजवून विचारतात. त्यांत सुताराला राग येत नाहीं व शेतकऱ्याला लाज वाटत नाहीं. वजनकाट्यावर उसाच्या गाडीच्या दहा किलोंसाठीं भांडणारी आपली रयत धर्मादायाच्या पावतीपुढें मात्र एकदम मुकी होते. पांचशें दिले, हजार दिले, विषय संपला. त्यावर कोणी विचारलेंच तर "दिलें तें दिलें, देव बघून घेईल" असें उत्तर मिळतें. देवाला काय उद्योग नाहीं कीं तो व्हाउचरें तपासत बसेल?

पंढरपुरास देवानें पाहून घेतलें काय? विठोबापुढें पडणाऱ्या पैशाचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. देवाच्या सेवेच्या पाळीचा बडव्यांमध्यें लिलाव होई. ज्याची बोली मोठी त्याच्या पदरांत त्या दिवसाचें उत्पन्न. शेतांतली पेरणी उरकून पायीं चालत गेलेला वारकरी जी दमडी टाकी तिचा हिशेब कोणी कोणास देत नसे. सरकारनें नाडकर्णी आयोग नेमला, १९७३ सालीं पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला, त्यावर वर्षानुवर्षें कोर्टकज्जे झाले, आणि २०१४ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बडवे-उत्पातांचा वंशपरंपरेचा दावा कायमचा निकालांत निघाला. तो निकाल आला तेव्हां आपल्याकडे पुष्कळांना आनंद झाला, आम्हांलाही झाला. पण त्या आनंदांत एक गोष्ट विसरली गेली. बडव्याचा दोष तो बडवा होता हा नव्हता. दुसऱ्यानें श्रद्धेनें दिलेला पैसा तो विनाहिशेब घेई, हा होता. तुळजापुरास बडवे नव्हते. तेथें मोठ्या अधिकाऱ्यांचें विश्वस्त मंडळ होतें, आणि तरीही दानपेटीचा लिलाव होई. १९९१ पासूनच्या त्या लिलावांत गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून चौकशी झाली, ती बरींच वर्षें रेंगाळली, आणि अखेर २०२४ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला त्यांत गुन्हा नोंदवा असें सांगावें लागलें. तेव्हां पैसा घेणाऱ्याची जात पाहून विश्वास टाकण्याची खोड आपण सोडली पाहिजे. बामणाला हिशेब विचारावा आणि आपल्या माणसाला विचारूं नये, असें महात्मा फुल्यांनीं कोठें सांगितलें आहे काय? २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज निघाला, त्याच्या सुरवातीच्या वर्षांचे अहवाल छापून प्रसिद्ध झाले, त्यांत कोणी किती वर्गणी दिली हें नांवानिशीं दिलें आहे. ते लोक आपलेच होते. एकमेकांना चांगले ओळखत होते. तरी छापलें.

आतां घरची गोष्ट सांगतों. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच वाळवा तालुक्यांतील ऐतवडे बुद्रुकच्या घराण्यांतले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कराडजवळच्या काले गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं ती साताऱ्यास नेली. बोर्डिंगांत सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीला जेवत. १९२७ सालीं गांधीजी तें पाहून गेले. हें बोर्डिंग कशावर चाललें? पुष्कळसें रयतेच्या धान्यावर. जात्यावर बसतांना बाई मूठभर धान्य बाजूला काढून ठेवी, तें गोळा होऊन बोर्डिंगाच्या कोठींत जाई. त्याला मुष्टिफंड म्हणत. मूठ कमी पडली तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडून मुलांच्या ताटांत भाकरी वाढली.

त्या काळीं त्या बाईला ऑडिट पाहावें लागत नव्हतें. तिच्या गांवचें पोर त्या बोर्डिंगांत होतें. सुटीला घरीं आलें कीं तें सांगे, काय जेवलों, किती जण होतों, मास्तर मारतो कीं शिकवतो. बाजाराला साताऱ्यास गेलेला बाप वाकडी वाट करून स्वयंपाकघरांत डोकावून येई. धान्य देणारी चूल आणि धान्य शिजवणारी चूल यांच्यांत एक पोर तेवढें उभें होतें. असा हिशेब कोणाला चुकवितां येत नाहीं.

आणि एवढें असूनही भाऊराव "मी आपला माणूस आहें, मला काय विचारतां" असें म्हणून थांबले नाहींत. १९३५ सालीं त्यांनीं संस्था कायद्याप्रमाणें रजिस्टर केली. म्हणजे घटना आली, सभासद आले, सभा आली, वह्या आल्या. ज्यानें स्वतःचा संसार संस्थेच्या चुलींत घातला त्यालाही आपल्या त्यागाची थाळी वाजवून वही टाळावीशी वाटली नाहीं. गाडगेबाबांचीही तीच तऱ्हा. लाखांच्या धर्मशाळा बांधल्या, स्वतः हातांत खापर घेऊन भाकरी मागितली, आणि त्या इमारतींवर आपल्या घरच्यांचा हक्क चालू दिला नाहीं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ सालीं त्यांनीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बाकीच्या कामासाठीं १९५२ सालीं मिशन स्थापून विश्वस्त नेमले. आज त्याच दोघांचीं चित्रें छापलेलीं पावतीपुस्तकें घेऊन जे हिंडतात, त्यांच्या संस्थेचा अध्यक्ष बाप, सचिव मुलगा, खजिनदार मेव्हणा आणि "महिला प्रतिनिधि" म्हणून सून असते. सुनेला विचारलें तर तिला सभा केव्हां झाली तें ठाऊक नसतें. रजिस्टर घरीं आलें, अंगठा दाखवला तेथें सही केली, झालें. सगळ्याच संस्था अशा आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. चांगल्या कोणत्या आणि अशा कोणत्या, हें पावतीवरून कळत नाहीं, एवढेंच म्हणणें आहे.

पूर्वींचा बोर्डिंगमधला पोर आज देणारा व घेणारा यांच्यामध्यें उभा नाहीं. संस्था मोठ्या झाल्या, शाखा दूर गेल्या, पैसा मोबाईलवरून जातो. तेव्हां डोकावून पाहण्याची जागा आतां कागदानें घेतली पाहिजे. तो कागद कायद्यानें ठेवला आहे, पण रयतेला त्याची वाट कोणी दाखवीत नाहीं. ती आम्ही दाखवितों.

महाराष्ट्रांत देवस्थानें, धर्मादाय संस्था, शिक्षणसंस्था यांच्यासाठीं १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे. पूर्वीं त्याला मुंबई कायदा म्हणत, आतां महाराष्ट्र म्हणतात. त्याचा साहेब म्हणजे धर्मादाय आयुक्त. आपल्या जिल्ह्याचें दफ्तर सांगलीस. प्रत्येक नोंदलेल्या संस्थेला तेथें नंबर असतो. हिंदु देवस्थान असेल तर नंबराआधीं ए हें अक्षर, साधा धर्मादाय न्यास असेल तर ई, सोसायटी म्हणून रजिस्टर असेल तर एफ. पावतीवर हा नंबर नसेल तर पहिला प्रश्न तोच विचारावा. नंबर असला कीं त्या नंबराच्या पानावर विश्वस्त कोण, जमीनजुमला कोणता, हें लिहिलेलें असतें. विश्वस्त मेला, बदलला, नवा आला, तर नव्वद दिवसांत कळवावें लागतें; त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. पुष्कळ ठिकाणीं पावतीवर छापलेले विश्वस्त वेगळे आणि दफ्तरांतले वेगळे असतात. दफ्तरांत अजून आजोबा जिवंत असतात आणि पावतीवर नातू सही करतो. कधीं कधीं दोन गटांचा वाद पडून तो रिपोर्ट वर्षानुवर्षें लोंबकळतो, आणि तोंवर संस्था कोणाची हेंच ठरत नाहीं. अशा संस्थेला पैसा देणें म्हणजे भाऊबंदकीच्या बांधावर खत टाकणें.

जमीन देणाऱ्यानें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. आपल्या भागांत शाळेला दोन एकर, देवळाला पांच गुंठे अशी जमीन पुष्कळांच्या वाडवडिलांनीं दिली आहे. ती जमीन विश्वस्तांना धर्मादाय आयुक्ताच्या आधींच्या परवानगीशिवाय विकतां येत नाहीं. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीनें आणि इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीनें भाड्यानें देतां येत नाहीं. आजोबांनीं शाळेला दिलेल्या जागेवर उद्यां दुकानांचे गाळे दिसले तर "परवानगीचा कागद दाखवा" एवढें म्हणण्याइतकी जीभ नातवाला असावी.

आतां ऑडिट. या शब्दाला रयत भिते, जणूं तें आंकड्यांचें भूत आहे. संस्थेचें वर्ष ३१ मार्चला संपतें, पुढच्या सहा महिन्यांत सनदी लेखापालाकडून तपासणी होऊन तिचा अहवाल धर्मादाय दफ्तरांत जावा लागतो. त्यांत ऑडिटरला कांहीं ठराविक प्रश्नांचीं उत्तरें द्यावींच लागतात, आणि ते प्रश्न आमच्या मतें कोणत्याही शहाण्या बाईनें घरांत विचारावे तसेच आहेत. वह्या रोजच्या रोज लिहिल्या जातात काय? ज्याच्या हातीं रोकड असते त्याच्याकडची शिल्लक तपासणीच्या दिवशीं वहीशीं जुळली काय? कोणत्या विश्वस्ताचें संस्थेकडून कांहीं येणें-देणें आहे काय? दुरुस्ती-बांधकामाला पांच हजारांवर खर्च झाला असेल तर टेंडरें मागविलीं होतीं काय? सभा वेळेवर झाल्या काय, त्यांचें टिपण ठेवलें आहे काय? सगळे आंकडे सोडा, या पांच उत्तरांचें पान तेवढें वाचा. विश्वस्ताकडे संस्थेची उचल आहे असें तेथें दिसलें कीं बाकीचें पुस्तक वाचावयाची फारशी गरज उरत नाहीं.

थोडी हिंमत असेल तर ताळेबंदही पाहावा. त्याची एक बाजू म्हणजे संस्थेनें कोणाकोणाचे पैसे कशासाठीं धरले आहेत; दुसरी बाजू म्हणजे ते आज कोठें आहेत. समजा, पुराच्या सालीं घरें बांधण्यासाठीं म्हणून दहा लाख जमले. तीन वर्षांनंतरच्या ताळेबंदांत "पूरग्रस्त निधि" म्हणून सात लाख दिसले, तर घरांवर तीनच लाख गेले हें उघड झालें. बाकीचे सात लाख दुसऱ्या बाजूला शोधावे. बँकेंत ठेव असेल तर निदान आहेत, आणि काम कां अडलें तें विचारतां येतें. जागा मिळाली नसेल, परवाना अडला असेल, खरें कारण असूं शकतें. पण दुसऱ्या बाजूला ठेव नाहीं, उलट "इतर येणें" असें मोघम लिहिलें असेल, तर तें येणें कोणाकडून? आणि निधीचें नांवच पुसलें गेलें, खर्चांत घरांचा आंकडा नाहीं, "किरकोळ खर्च" मात्र गाभण म्हशीसारखा फुगला, तर समजावयाचें तें समजावें.

पुराचें उदाहरण आम्हीं उगाच घेतलें नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णा-वारणा गांवांत शिरल्या, २०२१ सालीं पुन्हां शिरल्या. महाराष्ट्रभरच्या लोकांनीं सांगली-कोल्हापुराकडे ट्रकच्या ट्रक पाठविले. त्या माणुसकीला आमचा दंडवत आहे. पोहून आलेल्या माणसाला गरम भाकरी देणाऱ्याची जात, धर्म, हिशेब कोणी विचारूं नये. परंतु भाकरीचा दिवस चार दिवसांत संपतो आणि मग पैशाचा दिवस सुरू होतो. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजून गेले हें सर्वांनीं पाहिलें, कारण कपडा डोळ्यांना दिसतो. पैसा कुजला तर दिसत नाहीं. त्या दोन पुरांत आपल्या भागाच्या नांवानें ज्यांनीं ज्यांनीं वर्गणी जमविली, त्यांतल्या किती जणांनीं "एवढे आले, एवढे या गांवीं असे खर्चिले" म्हणून एक पान छापून पूरग्रस्त गांवच्या चावडीवर लावलें? कांहींनीं लावलें, त्यांना मान आहे. बाकीच्यांनीं फोटो लावले.

हा रोग एकट्या आपल्या मुलखाचा नाहीं. अमेरिकेजवळ हैती नांवाचें गरीब बेट-राष्ट्र आहे. २०१० सालीं तेथें मोठा भूकंप झाला. अमेरिकेच्या रेड क्रॉस या जगप्रसिद्ध संस्थेनें त्या नांवावर जवळजवळ पन्नास कोटि डॉलर जमविले. २०१५ सालीं तेथल्या पत्रकारांनीं शोध घेतला, तेव्हां संस्थेनें नवीं बांधलेलीं कायमचीं घरें निघालीं सहा. शून्यें विसरलीं नाहींत, सहाच. संस्थेचें उत्तर असें कीं तात्पुरता निवारा, घरदुरुस्ती, भाडें, दवाखाने अशा इतर कामांवर पैसा खर्चला. तें उत्तर अगदींच खोटें मानण्याचें कारण नाहीं. पण त्यांतली एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. शंभर सेंटांतले एक्याण्णव हैतीच्या लोकांवर खर्च होतात असें संस्था सांगे. प्रत्यक्षांत तिनें बराच पैसा दुसऱ्या संस्थांना दिला, त्या संस्थांनीं आपला कचेरीखर्च त्यांतून काढून घेतला, आणि हा दुसरा कात्रा त्या एक्याण्णवांत दिसतच नव्हता. कालव्याच्या मोरीवर पाणी मोजलें आणि शेतांत किती पोचलें तें मोजलेंच नाहीं, तसला हा प्रकार.

म्हणून "आमचा व्यवस्थापनखर्च फक्त पांच टक्के" अशी जाहिरात वाचून कोणी भुलूं नये. उलट आम्ही तर म्हणतों कीं जी संस्था हिशेबनिसाला पगार देत नाहीं तिच्याकडे जास्त सावधपणें पाहावें. कारकुनाचा पगार म्हणजे चोरी नव्हे. बोर्डिंगांत स्वयंपाकी ठेवला, वसतिगृहाला रखवालदार ठेवला, वही लिहायला मुलगी ठेवली, तर तिला पोटापुरता पगार मिळालाच पाहिजे. ती बहुधा आपल्याच घरांतली असते. फुकट राबणाऱ्या सेवकांच्या जिवावर थोडा खर्च दाखविणें आणि त्यांच्याच नांवावर पूर्ण पगाराची सही घेऊन अर्धा परत मागणें, हे दोन्ही प्रकार लोकांच्या कानांवर असतात. आपण विचारावयाचें तें एवढेंच: खर्च झाला त्यानें काम किती झालें? मुलें किती जेवलीं, किती पास झालीं, घरें किती उभीं राहिलीं, आणि तीं पाहावयास आम्ही येऊं काय? "केव्हांही या" म्हणणारा आणि "आधीं कळवा" म्हणणारा यांत काय फरक आहे तें आमच्या वाचकांना सांगावयास नको.

मूठ उघडून दिलेल्या देणगीबद्दल हें झालें. आतां एक नवीच रीत वाढली आहे. मूठ उघडावीच लागत नाहीं. बिलांतून आधींच कापून जातें. २०२५ च्या सप्टेंबरअखेर साखरेच्या मंत्रीसमितीनें ठरविलें कीं गाळपाच्या दर टनामागें पंधरा रुपये घ्यावे, दहा मुख्यमंत्री सहायता निधीला आणि पांच अतिवृष्टीनें नागवलेल्या शेतकऱ्यांना. मराठवाड्यांतल्या शेतकऱ्याचें त्या साली जें वाटोळें झालें तें पाहून कोणाही ऊसवाल्याला पाझर फुटावा. पण पैसा कोणाचा, हा प्रश्न निघाला. शेतकरी संघटनांनीं ओरड केली, तेव्हां मुख्यमंत्र्यांनीं खुलासा केला कीं हा पैसा शेतकऱ्याच्या बिलांतून नव्हे, कारखान्याच्या नफ्यांतून घ्यावयाचा. खुलासा ठीक आहे. परंतु सहकारी कारखान्याचा नफा म्हणजे तरी कोणाचा? सभासदाचाच. एकरीं चाळीस टन ऊस धरला तर टनाला पंधरा प्रमाणें सहाशे रुपये होतात. दोन एकरवाल्याचे बाराशें. त्यानें ते आनंदानें दिलेही असते. त्याला कोणी विचारलें नाहीं, आणि पावतीही त्याच्या नांवाची नाहीं. म्हणजे दाताही तो नाहीं आणि हिशेब मागणाराही तो नाहीं. दान हा शब्द येथें कसा बसतो तें आम्हांला समजत नाहीं. कारखान्याच्या सभासदाला मात्र एक हत्यार आहे: वार्षिक अहवाल त्याच्या हातीं पडतो आणि सभेंत उभें राहतां येतें. देणग्यांचें पान काढून "ही रक्कम कोणाला, कोणत्या ठरावानें, तिचें काय झालें" हा प्रश्न लेखी द्यावा. मंजूर-मंजूरच्या गजरांत तोंडी प्रश्न बुडून जातो.

सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळा-कॉलेजांना आणखी एक वाट लागू आहे. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं ज्या संस्थेचा कारभार मुख्यत्वें सरकारी पैशावर चालतो ती संस्था माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखालीं येते. बाकीच्या न्यासांचे जे कागद धर्मादाय दफ्तरांत आहेत ते त्या दफ्तराकडे मागावे. दहा रुपयांचें तिकीट आणि एक अर्ज एवढा खर्च.

इतकें असूनही कायद्यांत एक मोठें भगदाड आहे, आणि तें बुजविल्याशिवाय रयतेची बाजू लंगडीच राहील. संस्थेच्या कारभाराबद्दल दाद मागण्याचा अधिकार या कायद्यानें "हितसंबंधी व्यक्ती"ला दिला आहे. ही हितसंबंधी व्यक्ति कोण, तें व्याख्येंत सांगितलें आहे. देवळाचा भक्त आहे, मठाचा शिष्य आहे, सोसायटी असेल तर तिचा सभासद आहे, इतर न्यास असेल तर विश्वस्त व लाभार्थी आहे. ज्यानें पैसा दिला त्याचें नांव तेथें नाहीं! देवळांत पांच रुपये न टाकतां नुसता हात जोडणारा हितसंबंधी. आणि शाळेला एक लाख देणारा शेतकरी, तो सोसायटीचा सभासद नसेल तर, त्या यादींत कोठेंच नाहीं. वकील मंडळी म्हणतील, व्याख्येंत "समावेश होतो" असा शब्द आहे, तेव्हां दात्यालाही युक्तिवाद करून आंत घुसतां येईल. येईल, पण कुणब्यानें ऊस सोडून हा युक्तिवाद करीत कोर्टाच्या पायऱ्या कां झिजवाव्या? "ज्यानें त्या संस्थेस गेल्या पांच वर्षांत देणगी दिली असा कोणीही" एवढे शब्द घालण्यास विधिमंडळाला एक दिवस पुरे. वाळव्याच्या, शिराळ्याच्या, कराडच्या आमदारांना हा प्रश्न निवडणुकीशिवायच्या दिवसांतही विचारावा.

तोंवर एक युक्ति आहे. पुष्कळ सोसायट्यांच्या घटनेंत वर्गणी भरून सभासद होतां येतें. शंभर जणांनीं पांच-पांचशें देऊन घरीं जाण्यापेक्षां त्यांतल्या चौघांनीं सभासदत्वाचा अर्ज करावा. अर्ज घेतला तर सभेची नोटीस घरीं येईल. घेतला नाहीं तर कां घेतला नाहीं तें लेखी मागावें, आणि पुढचे पांचशें तें उत्तर येईपर्यंत खिशांत ठेवावे.

थोडें आपल्याकडेही पाहूं. कांहीं संस्थाचालकांनीं आम्हांला सांगितलें, आणि तें खरें आहे, कीं अहवाल छापला तर कोणी वाचीत नाहीं, पण फरशीवर नांव कोरलें नाहीं तर वर्षभर बोलत नाहींत. वर्गाला पंखा देणारा पंख्याच्या पात्यावर आजोबांचें नांव घालतो. ज्याला नांव पाहिजे त्याला हिशेब नको असतो, आणि हें धूर्त चालक बरोबर ओळखतो. फरशी स्वस्त पडते. करसवलतीचा कागद दाखवून शेतकऱ्याला भुलविण्याचाही एक प्रकार आहे. ज्याचें सगळें उत्पन्न शेतीचें त्याला प्राप्तिकरच नाहीं, तर सवलत कशांतून घेणार? तो कागद संस्थेची नोंद प्राप्तिकर खात्यांत आहे एवढें दाखवितो, काम चांगलें आहे असें दाखवीत नाहीं.

आणि ज्या संस्था खरोखर राबत आहेत त्यांना आम्ही हात जोडून सांगतों, आमच्या प्रश्नानें रागावूं नका. तुम्ही रागावलांत कीं तुमच्या सावलींत लबाड उभा राहतो, तोही तसाच रागावून दाखवितो, आणि आम्हां अडाण्यांना कोणाचा राग खरा तें ओळखतां येत नाहीं.

त्या दोन तरुणांना आम्हीं रिकाम्या हातीं पाठविलें नाहीं. चहा दिला, दोन्ही सालांचा ऑडिट अहवाल घेऊन या म्हणालों, आणि पावतीच्या मागें पेन्सिलीनें नोंदणी नंबरासाठीं एक चौकोन काढून दिला. धाकटा जरा विचारांत पडला होता. जातांना म्हणाला, "आबा, मलाबी अहवाल कधी दाखवला न्हाई कुणी. बघतो मागून." तो अहवाल घेऊन आला तर संस्थेचें नांव व आंकडे याच पानावर छापूं आणि आमची पावती फाडूं. पुढच्या उचलीपर्यंत वाट पाहतों.